भातखंडे पंडितांची भूक

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगविण्याच्या गिरण्यांत खपणारी पुष्कळ खानदेशी मंडळी आहेत. पाळी संपवून पेटी शिकायला येणारा त्यांच्यातला एक विद्यार्थी माझ्याकडे आहे. माणसाच्या गरजा पायरीपायरीने जाग्या होतात, आधी अन्न, मग निर्धास्तपणा, माया, मान आणि अखेरीस अंगच्या गुणांचे चीज, असे मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडले. हा क्रम ताठर नाही, हेही त्याने मान्य केले होते. लोक नेमके तेवढेच विसरतात. मला मात्र विष्णु नारायण भातखंडे आठवतात.

१८६० साली वाळकेश्वरी जन्मलेले पंडितजी वकील झाले. अन्नाची ददात नव्हती. पण १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये लेक. मायेची पायरीच निखळली. अशा वेळी माणूस खचावा. यांनी वकिली सोडली, देश पालथा घातला, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीत उतरविल्या. मानासाठी म्हणावे, तर आपला संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने छापला. १९१६ मध्ये आपल्या बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही त्यांच्याच खटपटीने. १९२६ मध्ये लखनौचे विद्यालय निघाले. अखेरची वर्षे अंथरुणावर काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले. क्रमिक पुस्तके आजही शिकणाऱ्यांच्या हाती आहेत.