होडीबाहेरचं इंजिन

गेल्या सेमिस्टरच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, तळ्यात फिरायच्या छोट्या होडीला कुठलं इंजिन लावशील? मी बेधडक डिझेल म्हणालो. एफिशियन्सी जास्त ना! सर शांतपणे म्हणाले, आणि ते उचलून होडीत कोण ठेवणार? मार्क गेले ते गेलेच, पण त्या प्रश्नाच्या नादात मला ओले इव्हिनरूड भेटला. (नाव ओले असलं तरी आपल्या ओल्या-सुक्याशी त्याचा संबंध नाही. गडी नॉर्वेचा!)

ओलेचा जन्म 1877 चा. तो लहान असतानाच घरचे अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिनमधल्या रिप्ली तळ्याजवळ शेती करू लागले. शाळा तिसरीपर्यंत. पोराला मात्र होड्यांचं वेड. चोरून बांधायला घेतलेली पहिली होडी वडिलांनी मोडून टाकली, तर पठ्ठ्याने दुसरी बांधली, असं सांगतात. सोळाव्या वर्षी घर सोडून मॅडिसनच्या मशीन शॉपमध्ये लागला. दिवसा काम आणि रात्री स्वतःच इंजिनीअरिंगची पुस्तकं. पुढे पिट्सबर्ग, शिकागो करत मिलवॉकीत पॅटर्न मेकर म्हणून स्थिरावला. आपण चार वर्षांत केट्या घेत जे शिकतो ते त्याने असं मिळवलं.

आता आइस्क्रीमची प्रसिद्ध गोष्ट. 1906 च्या उन्हाळ्यात ओकाउची तळ्याकाठी सहल होती. बेस कॅरी या मैत्रिणीला आइस्क्रीम हवं झालं. ओले भर उन्हात दोन-अडीच मैल होडी वल्हवत गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी! पुढे बेसशी त्याचं लग्न झालं, म्हणजे श्रम अगदीच वाया गेले नाहीत.

तेव्हा मोटरबोटी नव्हत्या असं नाही. पण त्यांचं इंजिन होडीच्या पोटात असे. त्यासाठी तळाला भोक पाडून शाफ्ट काढायचा, अलाइनमेंट सांभाळायची, आणि बसायची जागा इंजिनलाच द्यायची. मोठ्या बोटीला हे चालतं. भाड्याने घेतलेल्या वल्ह्याच्या होडीला कोण भोक पाडू देईल? होडीच्या मागे टांगायची मोटार ही कल्पनाही ओलेच्या आधी होतीच. वॉटरमन नावाच्या माणसाने तशी मोटार विकायलाही काढली होती. ओलेने काय केलं, तर सिलिंडर आडवा ठेवला, क्रँकशाफ्ट उभा केला आणि खाली पाण्यात गिअर देऊन ती फिरकी पंख्याकडे वळवली. इंजिन टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक. त्यामुळे वजन कमी. बेसला ते धूड पहिल्यांदा कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं म्हणे. 1909 मध्ये ते विक्रीला आलं. दीड हॉर्सपॉवर, 62 पौंड आणि किंमत 62 डॉलर. पौंडाला डॉलर! 1911 ला पेटंटही मिळालं.

कारखाना ओलेचा, पण धंदा बेसचा, असं माझं मत आहे. जाहिराती तिने लिहिल्या, पत्रव्यवहार आणि हिशेब तिने सांभाळले. तिची तब्येत ढासळली तेव्हा 1914 च्या सुमारास ओलेने आपला हिस्सा भागीदाराला विकून टाकला आणि पाच वर्षं या धंद्यात उतरणार नाही असं लिहून दिलं. दारावर स्वतःचं नाव असलेल्या कारखान्यातून बायकोसाठी बाहेर पडणं... मला तर हे त्याच्या शोधापेक्षा मोठं वाटतं.

रिकामा बसेल तर ओले कसला! पहिल्या मोटारीचा बीडाचा एकच सिलिंडर होडीला हादरवून सोडायचा. आता त्याने समोरासमोर दोन सिलिंडर घेतले. दोन्ही पिस्टन एकाच वेळी उलट दिशांना जातात, त्यामुळे हादरे बरेचसे आपसांतच मिटतात. जमेल तिथे बीडाऐवजी ॲल्युमिनियम वापरलं. जुन्या मोटारीच्या दुप्पट ताकद, आणि वजन तिच्याहून कमी! हे डिझाइन घेऊन तो आधी जुन्या भागीदाराकडेच गेला. त्याने नाही म्हटलं. मग नवरा-बायकोने 1921 साली एल्टो नावाची स्वतःची कंपनी काढली आणि आपल्याच आडनावाशी स्पर्धा सुरू केली. 1929 मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, अध्यक्ष ओले.

व्हायवासाठी एक जोड. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो आणि पेट्रोलमध्ये ऑइलही मिसळावं लागतं. बाबांची जुनी स्कूटर ज्याने ढकलत स्टार्ट केलीय त्याला तो निळा धूर माहीत असेल. तळ्यात तोच धूर आणि तेल पाण्यात जातं. म्हणून आज फिरायच्या होडीला नवी मोटार घ्यायची तर बहुतेक फोर-स्ट्रोकच घेतात. ती जड असते, पण इंधन कमी पिते आणि आवाजही कमी करते.

बेस 1933 साली गेली. पुढच्याच वर्षी, जुलै 1934 मध्ये, मिलवॉकीत ओलेही गेला. मुलगा राल्फने कंपनी पुढे चालवली. इव्हिनरूड नावाच्या मोटारी मात्र 2020 पासून बनत नाहीत.