इंटरफेरॉन शोधणारे डॉक्टर ॲलिक आयझॅक्स : कोंबडीच्या अंड्यातून बदकाच्या यकृतापर्यंत

आपल्या फोनला व्हायरस लागला की काय करायचं हे आपल्याला पाठ असतं. पण शरीराच्या एका पेशीत व्हायरस शिरला तर शेजारच्या पेशीला ते कळतं कसं? हा निरोप शोधून काढणारे स्कॉटिश डॉक्टर ॲलिक आयझॅक्स २६ जानेवारी १९६७ रोजी वारले, तेव्हा त्यांचं वय फक्त ४५ होतं. त्यांच्या शोधाचं औषध झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. हयातीत तर बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्यांची थट्टाच केली.

आधी तो निरोप काय ते समजून घेऊ. कसालहून मालवणला येताना समोरचा गाडीवाला दोनदा हेडलाईट मारतो, आणि पुढे पोलीस उभे आहेत हे आपल्याला कळतं. हेडलाईट मारणाऱ्याची पावती कदाचित आधीच फाटलेली असते, पण मागून येणारे सगळे हेल्मेट घालून तयार होतात. इंटरफेरॉन अगदी असंच काम करतं. ज्या पेशीत व्हायरस शिरला ती बहुतेक वेळा वाचत नाही, पण मरता मरता ती एक प्रथिन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींना ते लागलं की त्या आपली दारं-खिडक्या बंद करतात, म्हणजे व्हायरसच्या कॉपी छापू न देणारी यंत्रणा चालू करतात. इंटरफेरॉन व्हायरसला स्वतः मारत नाही. ते फक्त बातमी पोचवतं.

आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी ग्लासगोमध्ये, एका ज्यू कुटुंबात झाला. १९४४ ला ते तिथूनच डॉक्टर झाले, पण त्यांचा ओढा दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेकडे होता. शेफील्डमध्ये त्यांनी फ्लूच्या व्हायरसवर काम सुरू केलं आणि १९४८ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन थेट ऑस्ट्रेलिया गाठलं. मेलबर्नला तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट होते. अंड्यात व्हायरस वाढवण्याच्या कामात त्या काळी त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आयझॅक्स तिथेच हे तंत्र शिकले. लग्न सुझॅना फॉस या डॉक्टरशी झालं. परत आल्यावर ते लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत रुजू झाले. जगभरातून येणारे फ्लूचे नमुने तपासणारं जागतिक आरोग्य संघटनेचं केंद्र ते तिथे सांभाळत होते.

आता अंडंच का? बॅक्टेरिया बशीत घातलेल्या खाद्यावर वाढतो. व्हायरस तसा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. आमच्याकडे खुडूक कोंबडीखालची अंडी उजेडासमोर धरून आत पिल्लू धरलंय का ते बघतात, तेव्हा लालसर शिरांचं जाळं दिसतं ना? त्या शिरा कवचाच्या आतल्या एका पातळ पडद्यात असतात. साधारण दहा-अकरा दिवसांच्या अंड्यातला हा पडदा म्हणजे स्वस्त, स्वच्छ आणि जिवंत पेशींनी भरलेला. फ्लूच्या बऱ्याचशा लसी आजही अंड्यांतच बनतात.

शास्त्रज्ञांना तेव्हा एक कोडं पडलेलं होतं. एका व्हायरसने पेशी धरली की दुसरा व्हायरस तिथे वाढत नाही. पहिला मेलेला असला तरीही! १९५६ मध्ये ज्याँ लिंडनमान हा तरुण स्विस संशोधक मिल हिलला आला आणि गप्पांत कळलं की दोघांच्या डोक्यात हेच कोडं आहे. प्रयोग वाचायला साधा आहे. अंड्याच्या पडद्याचे तुकडे करून त्यांवर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा व्हायरस सोडला. मग तुकडे धुऊन ताज्या द्रवात ठेवले. काही तासांनी तो द्रव काढून ज्यांनी व्हायरस कधी पाहिलाच नव्हता अशा नव्या तुकड्यांवर घातला, आणि मग त्यांवर जिवंत व्हायरस सोडला. तो नीट वाढेना. म्हणजे पहिल्या तुकड्यांतून द्रवात काहीतरी उतरलं होतं.

त्या ‘काहीतरी’ला त्यांनी इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉनच्या चालीवरचं नाव दिलं, इंटरफेरॉन. १९५७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापून आले. न्यायाची गोष्ट म्हणून सांगायला हवं की टोकियोत यासुइची नागानो यांनी १९५४ मध्येच सशांवरच्या प्रयोगांत व्हायरस रोखणारा असाच एक घटक पाहिला होता. त्यांचं नाव मागे पडलं, हे मला अजूनही पटत नाही.

यानंतरचा काळ आयझॅक्स यांना फार जड गेला. वर्तमानपत्रांनी व्हायरसवरचं पेनिसिलिन सापडलं म्हणून गाजावाजा केला, फ्लॅश गॉर्डनच्या कॉमिकमध्येसुद्धा इंटरफेरॉन आलं. प्रयोगशाळेत मात्र ते हाती लागेना. पेशी ते इतकं कमी सोडतात की शुद्ध करायला घेतलं की जवळपास काहीच उरत नव्हतं. त्यात कोंबडीचं इंटरफेरॉन माणसाच्या पेशीवर चालत नाही, म्हणजे अंडी फोडून माणसाचं औषध बनणार नव्हतं. १९६२ मध्ये स्वयंसेवकांच्या कातडीत माकडाच्या पेशींतलं इंटरफेरॉन टोचून मग देवीची लस दिली, तेव्हा बहुतेकांना त्या जागी फोड आला नाही. पण सर्दीवरचा प्रयोग फसला. काही शास्त्रज्ञ इंटरफेरॉनला मिसइंटरप्रेटॉन म्हणू लागले, म्हणजे चुकीचा अर्थ काढल्यामुळे दिसणारा कण.

आयझॅक्स यांना नैराश्याचा आजार होता, आणि या वर्षांत त्याचे तीव्र झटके येत राहिले. तशातच १९६३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक धाडसी कल्पना मांडली. पेशी घाबरते ती व्हायरसच्या कवचाला नाही, तर आतल्या परक्या जनुकीय पदार्थाला. परकी फाईल उघडली की अलार्म. पण इतर प्रयोगशाळांना त्यांचे निकाल नीट मिळेनात. १९६४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून उठून ते पुन्हा कामावर आले, १९६६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि पुढच्या जानेवारीत गेले. त्याच १९६७ साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवून दिलं की दुपदरी आरएनए मिळाला की पेशी भराभर इंटरफेरॉन बनवते. व्हायरस कॉपी काढताना बहुधा असाच आरएनए तयार होतो. प्रयोग डळमळीत होता, पण आयझॅक्स यांची कल्पना मुळात बरोबर निघाली.

मला या माणसात रस निर्माण झाला तो हेपॅटायटिस बी मुळे. आमच्या वाडीतल्या एका दादाला रक्तदान शिबिरानंतर कळलं की त्याच्या रक्तात हा व्हायरस आहे. ना ताप, ना कावीळ. लोकांनी त्याचं ताट वेगळं काढायला सुरुवात केली. हे साफ चुकीचं आहे. हा आजार जेवणातून किंवा ताटातून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. पण दादाचा प्रश्न बरोबर होता. इतकी वर्षं व्हायरस आत होता, तर शरीराने बोंब का मारली नाही?

याचं उत्तर आयझॅक्स यांच्या कल्पनेत आहे. हेपॅटायटिस बी यकृताच्या पेशीत आपली जनुकीय फाईल कवचात गुंडाळून ठेवतो आणि कॉपी काढायचं कामही कवचाच्या आतच उरकतो. सेन्सरला परकं काही दिसतच नाही. चिंपांझींवरच्या अभ्यासात आढळलं की लागण पसरत असताना यकृतात इंटरफेरॉनची हाक जवळपास उठतच नाही. मग डॉक्टर काय करतात? हाक बाहेरून देतात. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी माणसाच्या रक्तपेशींतून काढलेलं इंटरफेरॉन जुनाट हेपॅटायटिस बीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. तेव्हा हजारो लिटर रक्तातून ग्रॅमभरही मिळत नसे. १९८० च्या सुमारास त्याचं जीन बॅक्टेरियात बसवता आलं आणि मग ते कारखान्यात बनू लागलं. आज बहुतेक रुग्णांना गोळ्याच देतात, निवडक रुग्णांना आठवड्यातून एकदा इंटरफेरॉनचं इंजेक्शन देतात.

आणि इथे पुन्हा पक्षी येतात. १९८० मध्ये बदकांमध्ये हेपॅटायटिस बीचा भाऊबंद सापडला. मादीकडून तो अंड्यातूनच पिल्लात जातो, पिल्लू जन्मभर तो वागवतं आणि सहसा आजारी पडत नाही. मोठ्या बदकाला लागण झाली तर त्याचं शरीर बहुतेक वेळा तो काढून टाकतं. माणसातही असंच आहे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो, तर मोठेपणी लागण झालेल्या शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत. म्हणूनच बाळाच्या लसीकरण कार्डावर हेपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत लिहिलेला असतो.

ज्या कोंबडीच्या अंड्यात इंटरफेरॉन सापडलं, त्या कोंबडीचं इंटरफेरॉन जीन हाती यायला १९९४ उजाडलं. बदकाचं १९९५ मध्ये मिळालं. मग बदकाच्या यकृताच्या पेशींवर बदकाचंच इंटरफेरॉन घालून पाहता आलं. व्हायरसच्या कॉपी कमी झाल्या. पण पेशीच्या केंद्रात तो आपल्या डीएनएची एक गोल मास्टर कॉपी लपवतो, ती पुसणं फार अवघड आहे. म्हणून दादासारख्या रुग्णांना गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात.

आता एक गंमत. परका आरएनए ओळखणारा रिग-आय नावाचा सेन्सर बदकात आहे, कोंबडीत नाही, असं २०१० मध्ये कळलं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्या पटापट मेल्या, पण याच जातीचे बरेच फ्लू बदकं सहज पचवतात. त्याचं एक कारण हा सेन्सर मानतात. कोंबडीकडे दुसरे सेन्सर आहेत, त्यांच्यावर तिचं काम भागतं. मिल हिलच्या त्या अंड्यांतही हा एक अलार्म नव्हता, आणि तरीही द्रवात इंटरफेरॉन उतरलं होतं.