रवींद्रनाथांना इंग्रजी बोलायला शिकवणारी मराठी मुलगी : अन्नपूर्णा तर्खड

वसईजवळ तरखड नावाचं गाव आहे. या गावाचं नाव आडनाव म्हणून लावणारं एक घराणं मुंबईत जाऊन मोठं झालं. त्यातले दादोबा पांडुरंग म्हणजे १८३६ साली मराठी भाषेचं व्याकरण छापणारे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला तो यांच्याच पुढाकाराने. जुन्या पिढीला तर्खडकर म्हटलं की इंग्रजीची भाषांतर पाठमाला आठवते. पण त्याच्या कितीतरी आधी या डॉक्टरांच्या लेकीने एका बंगाली मुलाला इंग्रजी शिकवलं होतं आणि तेही पुस्तकातून नव्हे, बोलून. तिचं नाव अन्नपूर्णा. घरचे तिला आना म्हणायचे.

मुलींनी चार यत्ता शिकणं हीच मोठी गोष्ट होती, अशा काळात डॉक्टरांनी मुलीला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या १८८३ साली. अन्नपूर्णा त्याच्या पाच वर्षं आधीच विलायत बघून परत आलेली होती. साहेबाचं बोलणं तिने साहेबाच्या देशात ऐकलेलं, तिथल्या घरांत कसं वागतात-बोलतात तेही पाहिलेलं.

आता तो बंगाली मुलगा. रवींद्रनाथ टागोर, वय वर्षं सतरा. शाळेत मन रमलं नाही म्हणून ती सुटलेली. कलकत्त्याला रोज संध्याकाळी इंग्रजीचे मास्तर घरी यायचे आणि पुस्तक उघडलं की या पोराला डुलक्या यायच्या. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. १८७८ साली ते अहमदाबादला न्यायाधीश होते. धाकट्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं होतं, म्हणून त्याला आधी स्वतःकडे आणलं. तिथे तो डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचत बसायचा. वाचता येत होतं, बोलायची मात्र अडचण होती. आपल्याकडे बारावी झालेल्या किती पोरांची हीच गत असते, ते वेगळं सांगायला नको.

सत्येंद्रनाथांनी यावर उपाय शोधला तो हुशारीचा. वर्ग नाही, मास्तर नाही. मुंबईत आपले स्नेही डॉ. आत्माराम यांच्या घरी त्याला राहायलाच पाठवलं. इंग्रजी रोजच्या बोलण्यात वापरणारी माणसं आजूबाजूला असली की मुलाची जीभ सुटेल, हा हिशोब. ही जबाबदारी आली अन्नपूर्णाकडे. ती त्याच्याहून वयाने थोडी मोठी होती.

बंगाली माणसाला इंग्रजी उच्चारात कुठे अडतं ते बघण्यासारखं आहे. बंगालीत आपल्यासारखा व नाही, त्यामुळे इंग्रजी व्ही चा भ होतो. झेड चा ज होतो. ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना वेगळं, पण बोलताना फरक जवळजवळ नाहीच, म्हणून शिप आणि शीप एकसारखेच ऐकू येतात. मराठी माणसाला झेड जड जात नाही, कारण तो आवाज आपल्या झाडात आणि झोपेत आहेच. पण व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच व, तिथे आपणही अडकतो. थोडक्यात, प्रत्येकाची जीभ आपापल्या मायबोलीच्या वळणाची. हे जन्माने इंग्रज असलेल्या मास्तरला सहसा जाणवत नाही, कारण त्याला ती भाषा कधी शिकावीच लागलेली नसते. अन्नपूर्णा स्वतः त्या वाटेने गेलेली होती.

त्याहून मोठी अडचण असते ती लाजेची. रवींद्रनाथांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, की त्या शिकलेल्या मुलीपुढे दाखवावं असं आपल्याकडे काहीच नव्हतं. विद्या बेताचीच, तिने दुर्लक्ष केलं असतं तरी दोष देता आला नसता. तिने तसं केलं नाही. हा कविता करतो हे कळल्यावर तिने त्या कवितांचा मान ठेवला. त्याच्याकडून आपल्यासाठी एक नाव मागून घेतलं. त्याने नाव दिलं नलिनी, आणि ते भैरवीतल्या एका गाण्यात गुंफून तिला ऐकवलं. जो मुलगा मास्तरासमोर पेंगायचा, तो इथे बोलता झाला, कारण ऐकणाऱ्याला त्याच्या बोलण्यात रस होता.

या थोड्या दिवसांवर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक सगळं प्रेमकथा म्हणून. जिव्हाळा होता हे खरंच आहे. पण त्या नादात शिक्षिका अन्नपूर्णा मागे पडली, हे काही बरं झालं नाही.

सप्टेंबर १८७८ मध्ये रवींद्रनाथ बोटीने इंग्लंडला गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हेन्री मॉर्ली यांच्या इंग्रजी साहित्याच्या तासांना बसले आणि १८८० साली पदवी न घेताच परतले. अन्नपूर्णाचं लग्न हॅरोल्ड लिटलडेल यांच्याशी झालं. ते बडोद्यात शिकवत आणि शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांचे जाणकार होते. पुढे ती त्यांच्यासोबत विलायतेला गेली. १८९१ साली एडिंबरात तिचं निधन झालं. पस्तिशीच्या आसपासचं वय. वडील तेव्हा हयात होते, ते १८९८ साली गेले.

रवींद्रनाथांनी आपल्या बंगाली कवितांचं इंग्रजी स्वतःच केलं. ते गीतांजली नावाने १९१२ साली लंडनला छापलं गेलं आणि १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं. अन्नपूर्णा जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

ऐंशीच्या घरात असताना, १९४० साली, रवींद्रनाथांनी लहानपणच्या आठवणींचं छेलेबेला हे पुस्तक लिहिलं. त्यात ती आहे. दाढी कधी वाढवू नकोस, चेहऱ्याची ठेवण झाकून जाईल, असं तिने त्यांना बजावलं होतं. आपण ते ऐकलं नाही हे तर सगळ्यांना दिसतंच आहे, पण ते बघायला ती राहिली नाही, असं त्यांनी तिथे लिहिलंय.