लुई व्हिएर्न : नोत्र दामचा अंध वादक

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मंडळींत पेटी आहे. एका हातानें भाता हालवावा, दुसऱ्यानें पट्ट्या दाबाव्या, कीं गीत सुरू होतें. ऑर्गन हें त्याच जातीचें, परंतु फार मोठें वाद्य. त्यांत हजारों नळ्या असतात, पट्ट्यांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात, आणि खर्जाचे स्वर तर पायांनीं वाजवावे लागतात. अशा वाद्यापाशीं जन्म घालविणाऱ्या एका अंध मनुष्याची ही हकीकत आहे.

लुई व्हिएर्न याचा जन्म फ्रान्स देशांत प्वातिए शहरीं ता. ८ आक्टोबर १८७० रोजीं झाला. तो जन्मतःच जवळजवळ अंध होता. सहा वर्षांचा असतां शस्त्रक्रिया होऊन त्यास माणसें ओळखण्याइतकी व मोठालीं अक्षरें वाचण्याइतकी दृष्टि आली, तेवढीच. पॅरिस येथील अंध मुलांच्या सरकारी शाळेंत तो शिकला. लहानपणीं सेझार फ्रांक या थोर वादकाचें वादन ऐकून तो भारून गेला होता, व पुढें त्याच फ्रांकजवळ त्याला शिकावयास मिळालें. १८९० सालीं गुरु वारल्यावर विदोर यानें त्याला हाताशीं धरिलें.

१८९९ सालीं व्हिएर्ननें केवळ ऑर्गनसाठीं सहा भागांची मोठी रचना पुरी केली. तिला सिंफनी म्हणतात. एरवीं सिंफनीस वादकांचा मोठा ताफा लागतो. येथें एकाच मनुष्याचे दोन हात व दोन पाय. आरंभीं गंभीर प्रस्तावना, मग एकच चाल एकामागून एक उचलून धरणारे आवाज, मध्यें मेंढपाळांच्या पांव्याची आठवण देणारा गोड भाग, आणि शेवटीं सारें वाद्य गर्जूं लागतें. हा शेवटला भाग आजहि देशोदेशींच्या मंदिरांत वाजवितात. कागदावर स्वरांच्या मोठमोठ्या खुणा काढून त्याला लिहावें लागे. पुढें तेंहि दिसेनासें झालें, तेव्हां त्यानें बोटांनीं वाचावयाची अंधलिपि धरली.

१९०० सालीं परीक्षेंत निवड होऊन तो नोत्र दाम या पॅरिसच्या मुख्य मंदिराचा वादक झाला. हें मंदिर रोमन मंडळीचें. तिच्या शिक्षणाशीं आपला मतभेद आहे. परंतु तेथें या मनुष्यानें जें सोसलें तें कोणत्याहि मंडळीच्या सेवकानें ऐकण्याजोगें आहे. १९०६ सालीं रस्त्यांतल्या खड्ड्यांत पडून त्याचा पाय मोडला. ऑर्गन वाजविणाऱ्याचाच पाय! बरा झाल्यावर पायांचें कसब त्याला नव्यानें शिकावें लागलें. १९०९ सालीं त्याचा संसार मोडला. १९१६ सालीं डोळ्यांच्या उपचारासाठीं तो स्वित्झर्लंडांत गेला, तो चार वर्षें तेथेंच राहिला. तेथें असतांनाच १९१७ सालीं सैन्यांतला मुलगा गेल्याची वार्ता आली; पुढच्याच वर्षीं भाऊ रेने रणांगणीं पडला. मुलाच्या स्मरणार्थ त्यानें एक शोकाची रचना केली. १९२० सालीं परत येऊन पाहतो तों नोत्र दामचें वाद्यहि नादुरुस्त! म्हणून १९२७ सालीं अमेरिकेंत गांवोगांव वादन करून त्यानें दुरुस्तीसाठीं पैसा जमविला. तें वाद्य २०१९ सालच्या आगींतूनहि वांचलें व डिसेंबर १९२४ नव्हे, २०२४ पासून पुन्हां वाजूं लागलें आहे. म्हणजे त्या दुरुस्तीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं.

वाद्यापाशीं बसलें असतांच मरण यावें, अशी त्याची इच्छा असे. ता. २ जून १९३७ रोजीं संध्याकाळीं नोत्र दामांत त्याचें १७५० वें वादन होतें. शिष्य द्युरुफ्ले शेजारीं उभा होता. ठरलेली रचना वाजवून झाली. मग आयत्या वेळीं दिलेल्या चालीवर वाजवावयाचें होतें. ती अंधलिपींत त्याच्या हातीं दिली होती. इतक्यांत तो पुढें कोसळला. त्याचा पाय खर्जाच्या एका पट्टीवर पडला होता, आणि तो एकच स्वर मंदिरभर घुमत राहिला.