मेबलची आई

ॲनी बेझंट हे नाव आपणा सर्वांस शाळेच्या इतिहासातून ठाऊक असते. होमरूल चळवळ, बनारसचे सेंट्रल हिंदू कॉलेज आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद एवढे मुद्दे लिहिले की टीप पूर्ण होते. मीही ती टीप अशीच लिहून गुण मिळवले होते. पुढे एका वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी त्यांचे चरित्र ग्रंथालयातून आणले. शोधायला गेले होते राजकारण, पण अडकून पडले ते दोन खटल्यांत. दोन्ही खटले मुलांच्या ताब्याचे. पहिल्यात बेझंटबाईंची मुलगी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली; दुसऱ्यात एका बापाने आपली मुले त्यांच्याकडून परत मागितली. मूल ज्या घरी राहते त्या घरी कोणाचा वावर असावा, हा प्रश्न दोन्ही वेळा होता.

हा प्रश्न मला का लागला ते आधी सांगते. माझे आईवडील मी नऊ वर्षांची असताना परस्परसंमतीने विभक्त झाले. त्यांच्या तडजोडीच्या कागदात एक अट होती. मी ज्या घरी मुक्कामाला असेन, त्या घरी रक्ताच्या नात्याबाहेरील कोणीही रात्री राहावयाचे नाही. मी दहा वर्षांची असताना आईला टायफॉइड झाला. तिची नाशिकची मैत्रीण, जिला मी मावशी म्हणते, धावत आली. दिवसभर तिने आईची शुश्रूषा केली आणि रात्री दहाला छत्री घेऊन एस. टी. स्टँडजवळच्या लॉजवर निघून गेली. कारण ती रक्ताची नव्हती. त्या रात्री तापात बरळणाऱ्या आईजवळ मी एकटी जागी होते. त्या अटीचा मला फार राग आला. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. वडिलांचे एक स्नेही पिऊन येत आणि तिथेच झोपत. मी गेले की याच अटीमुळे त्यांना उठून जावे लागे, आणि मला शांत झोप लागे. एकच अट, एकीकडे तिने मला एकटे पाडले, दुसरीकडे राखले.

आता बेझंटबाईंकडे वळते.

१ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलीचे वडील ती पाच वर्षांची असताना वारले. वयाच्या विसाव्या वर्षी, १८६७ मध्ये, तिचा विवाह फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी झाला. डिग्बी हा मुलगा आणि मेबल ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. १८७१ मध्ये तान्ह्या मेबलला डांग्या खोकला झाला आणि ती मरणाच्या दारातून परत आली. निष्पाप जिवाला असे छळणारा ईश्वर दयाळू कसा, हा प्रश्न आईच्या मनात शिरला तो कायमचा. दोन वर्षांनी ही पाद्र्याची पत्नी चर्चमधील प्रभुभोजनाचा विधी घ्यायला नकार देऊ लागली. विधी पाळ, नाहीतर घर सोड, असे पतीने बजावले. तिने घर सोडले. १८७३ मध्ये विभक्त राहण्याचा करार झाला. डिग्बी वडिलांकडे राहिला, मेबल आईकडे आली. घटस्फोट मात्र कधीच झाला नाही आणि बेझंट हे आडनाव त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिले.

त्या काळी इंग्लंडात मुले ही बापाचीच समजली जात. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने आपली मुले गमावल्यावर केलेल्या झगड्यातून १८३९ चा कायदा आला आणि सात वर्षांखालील मुलांपुरता आईला न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला झाला. १८७३ च्या कायद्याने ही वयोमर्यादा सोळापर्यंत नेली, आणि मूल आईकडे देणारा करार केवळ त्याच कारणास्तव अवैध ठरणार नाही असे सांगितले. मात्र मुलाच्या हिताविरुद्ध वाटल्यास न्यायालय तो मानणार नव्हते. याच फटीतून पुढचे संकट आले.

बेझंटबाई निरीश्वरवादी नेते चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या सहकारी झाल्या. १८७७ मध्ये दोघांनी नोल्टन या अमेरिकन डॉक्टरची संततिनियमनावरील जुनी पुस्तिका पुन्हा छापली. अश्लीलतेचा खटला झाला, सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि १८७८ च्या फेब्रुवारीत ती अपिलात तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. या विषयाचा पुरस्कार करणाऱ्याला समाज कसा वागवतो, हे र. धों. कर्व्यांच्या चरित्रावरून आपण जाणतोच. त्या वर्षीच फ्रँक बेझंट यांनी मेबलसाठी अर्ज केला. आई नास्तिक आहे, मुलीला धर्मशिक्षण देत नाही, अशी पुस्तके छापते, आणि ब्रॅडलॉसारख्या पाखंड्याच्या संगतीत असते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. अनैतिक संबंधाचा आरोप नव्हता. संगत हाच आक्षेप होता.

बेझंटबाईंनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी आईची माया आणि मुलीची उत्तम निगा मान्य केली. तरीही अशा बाईच्या घरी वाढणाऱ्या मुलीशी प्रतिष्ठित स्त्रिया संबंध ठेवणार नाहीत, म्हणून तिथे राहण्यात मुलीचे हित नाही, असे ठरवून त्यांनी मेबल वडिलांच्या हवाली केली. मेबल नुकतीच लाल तापातून उठत होती. न्यायला आलेल्या माणसाने तिला ओरडत, हातपाय झाडत असताना उचलून नेले. ती सात वर्षांची होती. आई पाठोपाठ अंथरुणाला खिळली. पुढे अपिलात भेटीचा हक्क मिळाला, पण भेटी आणि ताटातुटीची ओढाताण मुलांना सोसवेना, म्हणून ती मोठी होईपर्यंत न भेटण्याचे त्यांनी ठरवले. सज्ञान झाल्यावर दोन्ही मुले आपल्या इच्छेने आईकडे आली.

मधली वर्षे थोडक्यात सांगते. १८८८ मध्ये लंडनच्या काड्यापेटी कारखान्यातील मुलींच्या संपाला त्यांनी बळ दिले. १८८९ मध्ये त्या थिऑसॉफीकडे वळल्या, १८९३ मध्ये भारतात आल्या आणि १९०७ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या.

१९०९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यार येथे सोसायटीतील नारायणय्या या विधुर कर्मचाऱ्याचा मुलगा कृष्णमूर्ती हा भावी जगद्गुरूचे माध्यम आहे, असे बाईंचे सहकारी लेडबीटर यांनी जाहीर केले. १९१० मध्ये नारायणय्यांनी कृष्णमूर्ती व धाकटा नित्यानंद यांचे पालकत्व लेखी पत्राने बाईंना दिले. परंतु मुलग्यांना दिलेल्या लैंगिक सल्ल्यावरून लेडबीटर यांना १९०६ मध्ये सोसायटी सोडावी लागली होती आणि नंतर परत घेण्यात आले होते. माझ्या मुलांना या माणसापासून दूर ठेवा, एवढीच बापाची मुख्य मागणी होती. बाईंनी मुले इंग्लंडला नेली. पण १९१२ मध्ये सिसिली बेटावर मुले कित्येक आठवडे राहिली, तेव्हा लेडबीटर त्यांच्यासोबतच होते.

नारायणय्या न्यायालयात गेले. त्यांचे एक वकील सी. पी. रामस्वामी अय्यर हे पुढे बाईंचेच होमरूलमधील सहकारी झाले. बाईंनी पुन्हा स्वतःच युक्तिवाद केला. या वेळी त्या पालक होत्या आणि समोर मुले गमावलेला बाप होता. १९१३ मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी प्रत्यक्ष दुष्कृत्याचा आरोप सिद्ध झालेला मानला नाही. पण लेडबीटर यांची मते पाहता त्यांची संगत मुलांना धोक्याची आहे, असे म्हणून मुले परत करण्याचा हुकूम दिला. १९१४ च्या मे महिन्यात प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. बापाने दिलेले पालकत्व तो परत घेऊ शकतो, हे कौन्सिलने मान्य केले. पण मुले इंग्लंडात असल्याने मद्रासला अधिकार नव्हता, आणि मुलांची बाजू व इच्छा ऐकूनच घेतली गेली नव्हती.

इथे मी बराच वेळ थांबले. मूल हिरावले जाणे म्हणजे काय, हे मेबलच्या आईइतके कोणाला ठाऊक असणार? मग त्या बापाची भीती तिला का उमजली नाही? माझ्या मनातील त्यांच्याविषयीचा आदर यामुळे गेला नाही. १९१६ मध्ये लोकमान्यांच्या बरोबरीने स्वराज्य मागणारी आणि ६९ व्या वर्षी नजरकैद सोसणारी ही बाई मोठीच होती. कृष्णमूर्तींनीही, १९२९ मध्ये त्यांच्यासाठी उभारलेली संघटना स्वतः विसर्जित केल्यावरही, अम्मा म्हणून त्यांच्यावरचा लोभ सोडला नाही. पण आपण बरोबर आहोत अशी खात्री झालेल्या माणसाला समोरच्याचे दुःख दिसत नाही, हे पाद्री बेझंट यांच्याबाबतीत खरे होते तसेच बाईंच्याबाबतीतही खरे ठरले.

म्हणून संगतीच्या सगळ्याच अटी वाईट, असे मी म्हणणार नाही. ब्रॅडलॉंवरचा आक्षेप हा मतांवरचा राग होता. लेडबीटर यांच्यावरच्या आक्षेपामागे बापाची सयुक्तिक काळजी होती. दोन्ही दिसायला सारखे. फरक कळायचा तर त्या घरात झोपणाऱ्या मुलाला विचारले पाहिजे. आपल्याकडील १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातील १७ वे कलम सांगते की, मूल समजूतदार असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. माझ्या वेळी दोन्ही बाजूंचे मोठे लोक एका टेबलाशी बसले आणि अट लिहून मोकळे झाले. मला विचारले असते तर मी नऊ वर्षांची असतानाही दोन्ही नावे अचूक सांगितली असती. कोणी राहावे आणि कोणी राहू नये.

गेल्या वर्षी मला अठरा पूर्ण झाली आणि तो कागद निकामी झाला. दिवाळीत नाशिकची मावशी आली. रात्री दहा वाजता सवयीने तिने पिशवी उचलली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि आईच्या शेजारी तिची गादी घातली.