डंकर्कहून आणलं, नॉर्मंडीला नेलं

नोलानचा 'डंकर्क' तुम्ही पाहिला असेलच. किनाऱ्यावर अडकलेले सैनिक, वरून बॉम्ब आणि सुटकेसाठी येणाऱ्या लहान-मोठ्या बोटी. त्या बोटी पाठवणारा माणूस मात्र सिनेमात दिसत नाही. तो समुद्राच्या या बाजूला, इंग्लंडमधल्या डोव्हर किल्ल्याखालच्या भुयारात बसला होता. बर्ट्राम रॅमसे.

गंमत बघा, हा माणूस खरं तर रिटायर झालेला. साहेब सगळं काम स्वतःच्याच हातात ठेवतो, आपल्याला काही करू देत नाही, म्हणून १९३५ मध्ये त्याने पदच सोडलं होतं. युद्ध तोंडावर आलं आणि नौदलाने त्याला परत बोलावलं. १९४० च्या मे-जूनमध्ये जेमतेम दहा दिवसांत त्याने ३ लाख ३८ हजार सैनिक इंग्लंडला आणले.

चार वर्षांनी त्याच्याकडे नेमकं उलटं काम आलं. सैन्य फ्रान्सला परत न्यायचं.

उतरायचं कुठे? तुम्ही म्हणाल, एखादं बंदर जिंका. १९४२ मध्ये दिएपला तसा प्रयत्न झाला होता. गेलेल्या सुमारे ६ हजारांपैकी निम्म्याहून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. म्हणून ठरलं, नॉर्मंडीच्या उघड्या वाळूवर उतरायचं आणि बंदर सोबत न्यायचं! काँक्रीटचे अजस्र ठोकळे ओढत नेऊन तिथेच धक्के उभारायचे.

खरा पेच होता तारखेचा. छत्रीधारी सैनिकांना रात्री चांदणं हवं. बोटींना पहाटे, भरती नुकती सुरू होताना पोचायचं. तेव्हा जर्मनांनी पाण्यात रोवलेले अडथळे उघडे दिसतात आणि पाणी चढत असल्याने रिकाम्या बोटी वाळूत रुतत नाहीत. हे सगळं जुळत होतं जूनच्या ५, ६ आणि ७ तारखेला. ५ तारीख वादळाने खाल्ली. ६ जून १९४४ ला सुमारे ७ हजार जहाजं-बोटी फ्रान्ससमोर उभ्या होत्या.

नौदलासाठी रॅमसेने काढलेल्या आदेशांची पानं हजाराच्या घरात गेली. कोण, कुठे, कधी, सगळं लिहिलेलं. अमेरिकी ॲडमिरल वैतागले, इतकं बारीक कशाला? आणि साहेब काही करू देत नाही म्हणून पद सोडणारा हाच तो! पण माझं मत त्याच्याच बाजूने. डंकर्कला ऐनवेळी जुळवाजुळव करताना दोनशेहून जास्त बोटी बुडालेल्या त्याने पाहिल्या होत्या.

२ जानेवारी १९४५ ला माँटगोमरींबरोबरच्या बैठकीसाठी तो ब्रसेल्सला निघाला. विमान पॅरिसजवळ उड्डाण करतानाच कोसळलं. जर्मनीची शरणागती तेव्हा चार महिन्यांवर होती.