सर मॉरेल मॅकेन्झी

सर मॉरेल मॅकेन्झी (७ जुलै १८३७ – ३ फेब्रुवारी १८९२) हे ब्रिटिश वैद्यक व इंग्लंडमधील कंठरोगविज्ञानाचे आद्य प्रवर्तक होत. स्वरयंत्रात पुनःपुन्हा उगवणाऱ्या चामखीळसदृश, कर्करोग नसलेल्या गाठींचे स्वतंत्र वर्णन करून त्यांना पॅपिलोमा ही संज्ञा देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. सामान्य वाचकाला मात्र ते जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्या अखेरच्या आजारामुळेच ठाऊक असतात. हा त्यांच्या मूळ कार्यावर काहीसा अन्यायच होय.

जीवन

मॅकेन्झी यांचा जन्म एसेक्स परगण्यातील लेटनस्टोन येथे झाला. वडील शल्यवैद्य होते. १८५१ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. काही काळ विमा कंपनीत कारकुनी केल्यानंतर मॅकेन्झी लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यक शिकले. पुढील अभ्यासासाठी ते पॅरिस, व्हिएन्ना व बुडापेस्ट येथे गेले. गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांनी आरशांच्या साहाय्याने जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहता येते हे नुकतेच दाखवून दिले होते. त्या तंत्राला वैद्यकात आणणाऱ्यांपैकी योहान चेर्माक यांच्याकडून मॅकेन्झी यांनी बुडापेस्ट येथे ते आत्मसात केले. १८६३ मध्ये त्यांच्या स्वरयंत्ररोगांवरील निबंधास जॅक्सोनियन पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये केवळ कंठरोगांसाठी रुग्णालय स्थापन केले.

स्वरयंत्रातील गाठी

१८७१ मध्ये त्यांनी स्वरयंत्रातील वाढींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी स्वतः उपचार केलेल्या सलग १०० रुग्णांचे विश्लेषण आहे. यशस्वी रुग्ण तेवढे निवडून न मांडता सलग १०० नोंदी देणे, हे त्या काळाच्या मानाने विशेषच म्हणावे लागेल. या गाठींमुळे प्रथम आवाज घोगरा होतो. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असल्याने त्यांना पुढे श्वास घेणेही कठीण होऊन बसते. कोकेनचा स्थानिक बधिरीकरणासाठी उपयोग १८८४ नंतरचा. त्यापूर्वी शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या घशात आरसा धरून, त्यातील उलट्या प्रतिमेवर नजर ठेवून, स्वतः बेतलेल्या चिमट्याने मॅकेन्झी गाठी काढीत. त्यांचे हस्तकौशल्य विरोधकांनीही मान्य केले होते.

काढलेली गाठ पुन्हा का येते, याचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळणे शक्य नव्हते. १९२३ मध्ये अशा गाठीतील द्रव्य त्वचेत टोचल्यावर चामखीळ उठते असे दिसून आले आणि १९८० च्या दशकात गाठींमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचे, मुख्यतः ६ व ११ या प्रकारांचे, डीएनए आढळले. हा विषाणू गाठीभोवतीच्या वरकरणी निरोगी ऊतकातही टिकून राहतो. त्यामुळे शस्त्रक्रिया कितीही सफाईने केली तरी मूळ शिल्लक राहते.

सम्राटाचा आजार

मे १८८७ मध्ये जर्मन युवराज फ्रेडरिक याच्या स्वररज्जूवरील गाठ कर्करोगाची आहे असे मानून बर्लिनच्या वैद्यांनी बाहेरून स्वरयंत्र उघडण्याची तयारी केली होती. पाचारण केलेल्या मॅकेन्झी यांनी आधी गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. रूडोल्फ फिर्खो यांना सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाचा पुरावा आढळला नाही व शस्त्रक्रिया टळली. आग्रह तत्त्वतः योग्य होता. परंतु चिमट्यात आलेला लहानसा तुकडा संपूर्ण गाठीची साक्ष देतोच असे नाही. त्याच वर्षी मॅकेन्झी यांना सर ही पदवी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये सान रेमो येथे कर्करोगाचे निदान पक्के झाले. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासनलिकेस छिद्र पाडावे लागले. मार्चमध्ये सिंहासनावर आलेला फ्रेडरिक ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजी वारला. शवविच्छेदनात स्वरयंत्राचा कर्करोग सिद्ध झाला.

जर्मन वैद्यांनी आपली बाजू प्रसिद्ध केली, तेव्हा मॅकेन्झी यांनी पुस्तक लिहूनच उत्तर दिले. रुग्णाची खासगी माहिती उघड करणारे आणि सहव्यावसायिकांवर कठोर टीका करणारे हे पुस्तक त्यांना भोवले. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांची निर्भर्त्सना केली आणि रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे सदस्यत्व त्यांनी सोडले. त्यानंतर चार वर्षांच्या आत, वयाच्या ५४ व्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. १८८७ मध्ये नॉरिस वुल्फेंडेन यांच्यासह त्यांनी सुरू केलेले कंठ व नासारोगविषयक नियतकालिक आजही प्रसिद्ध होते.